ध्रुवावरची नोकरी : खानदेशातून आलेले प्रश्न

मागच्या अंकात अंटार्क्टिकावरच्या भारतीय मोहिमांची ओळख छापली होती. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. ‘तिथं थंडी किती?’ हे जवळजवळ प्रत्येकानं विचारलं आहे, म्हणून ते आधीच उरकतो. उणे ८९.२ अंश हा जो आकडा सगळीकडे वाचायला मिळतो, तो २१ जुलै १९८३ रोजी व्होस्टोक या खंडाच्या आतल्या रशियन केंद्रावर नोंदलेला आहे. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रं किनाऱ्याच्या बाजूला आहेत. तिथं उन्हाळ्यात पारा शून्याच्या आसपास असतो आणि हिवाळ्यात उणे तिसाच्या घरात जातो. खरा छळ वाऱ्याचा. बाकीच्या प्रश्नांना ध्रुवीय मोहिमांच्या कामातल्या जाणकारांनी उत्तरं दिली आहेत.

मी बारावी सायन्सला आहे. ‘पोलर सायन्स’ची डिग्री कुठं मिळते? घरचे म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू. — एक विद्यार्थिनी, शहादा

त्या नावाची पदवी शोधत बसू नका. ध्रुवावर जाणारा माणूस आधी भूशास्त्रज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, समुद्रजीवशास्त्रज्ञ किंवा रसायनशास्त्रज्ञ असतो. ध्रुव ही त्याची कामाची जागा. त्यामुळे बी.एस्सी. कुठल्या विषयात करायची, याचं उत्तर ‘जो विषय रोज आठ तास करवेल त्यात’ इतकंच आहे. फक्त गणित सोडू नका. बारावीनंतर गणित टाकलेली मुलं एम.एस्सी.नंतर हिमनदीशास्त्राकडे वळतात आणि पहिल्या समीकरणाशी अडतात.

साधारण वाट अशी. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. आयआयटीत जायचं तर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पुणे विद्यापीठ आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. त्यानंतर सीएसआयआर-नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एक स्वतंत्र विषय आहे, तो बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतो. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पीएच.डी.ला पाच वर्षं धरा. म्हणजे नावापुढे ‘डॉक्टर’ लागेपर्यंत वय २८ च्या पुढे. घरच्यांना हे आजच सांगून ठेवा.

गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा इथं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बोलताना सगळे त्याला एनसीपीओआर म्हणतात. १९९८ साली सुरू झालेली ही संस्था केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते आणि भारताच्या ध्रुवीय मोहिमा तीच चालवते. पण मोहिमेवर जायला तिथलीच नोकरी लागते असं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हवामान खातं, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, डेहराडूनची वन्यजीव संस्था, शिवाय विद्यापीठं, अशा बऱ्याच ठिकाणची माणसं जातात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात शिरायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे. या वाटेनं कायम नोकरी लवकर लागते आणि ध्रुवावर जायची संधी नंतर मागून घेता येते. घरी पैशांची ओढ असेल तर हाच रस्ता शहाणपणाचा.

मोहिमेसाठी दरवर्षी संशोधन-प्रस्ताव मागवले जातात. प्रस्ताव पडतो तो बहुधा एकाच कारणानं: जो प्रश्न हिमालयात किंवा उपग्रहाच्या माहितीवर सुटू शकतो, त्यासाठी अंटार्क्टिका मागितलेलं असतं. ‘हे तिथंच का?’ याचं उत्तर पहिल्या पानावर हवं. किती किलो सामान, किती वीज, हेलिकॉप्टरच्या किती फेऱ्या, नमुने परत आणायला उणे किती अंशांची पेटी लागणार, हे न लिहिणारा प्रस्ताव कच्चा समजा.

आणि बर्फावर काढलेल्या दोन-तीन महिन्यांमागं वर्ष-दीड वर्ष प्रयोगशाळेत आणि संगणकासमोर जातं. ते आवडत नसेल तर हे क्षेत्र घेऊ नका. गिर्यारोहण करा, त्यात बर्फ जास्त मिळेल.

आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा पाषाण. भूशास्त्र शिकतोय, पण इथल्या बेसॉल्टवर शिकून अंटार्क्टिकात उपयोग काय? — बी.एस्सी. तृतीय वर्ष, धुळे

खडक वेगळे आहेत हे खरं. मैत्री ज्या शिर्माकर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ भागात आहे तिथं नाइस आणि ग्रॅन्युलाइट, म्हणजे खोलवर भाजून निघालेले जुने खडक आहेत. भारती ज्या लार्समन टेकड्यांवर आहे तिथलं भूशास्त्र आपल्या पूर्व घाटाशी जोडून वाचावं लागतं, कारण गोंडवन या प्राचीन महाखंडात हे दोन्ही प्रदेश एकमेकांना लागून होते. दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तोवर भारत अंटार्क्टिकापासून कधीच सुटून निघाला होता. त्यामुळे ‘आपला पाषाण तिकडेही असेल’ असं मुलाखतीत बोलू नका. हे ऐकलं की परीक्षक पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

पण शिकायला तुमच्या दारात जे आहे, ते पुण्या-मुंबईच्या मुलांना बस करून बघायला यावं लागतं. नंदुरबार-धुळ्याचा डाइकांचा पट्टा जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. शेतांमधून भिंतीसारखे उभे राहिलेले ते काळे कणे म्हणजे भेगांमध्ये चढून थिजलेला लाव्हा. एक डाइक धरा आणि पाच किलोमीटर चाला. दर दोनशे मीटरवर दिशा, रुंदी, कडेचे बारीक कण, आडव्या फटी आणि जीपीएस असं सगळं नोंदवा. संध्याकाळी घरी येऊन नकाशावर उतरवा. सातव्या-आठव्या नोंदीनंतर अक्षर बिघडतं, वेळ लिहायची राहते, नमुन्याच्या पिशवीवर क्रमांक पडत नाही. ही सवय घाम निथळताना मोडली तर हातमोजे घालून काम करताना नक्की मोडते.

होकायंत्राची एक गोष्ट आत्ताच शिकून घ्या. आपल्या भागात दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन, जवळपास शून्य आहे. म्हणून मुलं तो लावतच नाहीत आणि काही बिघडतही नाही. लार्समन टेकड्यांवर हाच कोन ७० ते ८० अंशांच्या घरात आहे. तिथं तो विसरलात तर अख्ख्या हंगामाचा नकाशा आडवा होतो. शिवाय उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई दक्षिणेत एका बाजूनं खाली झुकते आणि डबीच्या तळाला घासते. दक्षिणेसाठी किंवा सर्वत्र चालेल असं तोललेलं होकायंत्र मागवावं लागतं. ते जहाज सुटल्यावर मिळत नाही.

पेनही विसरा. शाई गोठते. पेन्सिल आणि पाणी न धरणारी वही.

मना पोऱ्या आयटीआय डिझेल मेकॅनिक शे. तठे शास्त्रज्ञसनाच नंबर लागस का मेकॅनिकले बी जागा शे? — एक शेतकरी, पारोळा तालुका

जागा शे, आणि मानाची शे. शास्त्रज्ञाचं यंत्र बंद पडलं तर एक शोधनिबंध जातो. जनरेटर बंद पडला तर केंद्रावरच्या सगळ्यांच्या जिवाशी गाठ. म्हणूनच प्रत्येक मोहिमेत जनरेटर मेकॅनिक, वाहन मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर, सुतार, क्रेन-डोझर चालवणारे, स्वयंपाकी, नर्स, डॉक्टर अशी माणसं घेतात. यांच्या जाहिराती एनसीपीओआरच्या संकेतस्थळावर येतात. नेमणूक ठरावीक मुदतीची, कंत्राटी असते. आयटीआय किंवा डिप्लोमा आणि वर काही वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. निवड झाली की कडक वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडात औली इथं बर्फावरचं प्रशिक्षण. मध्ये कुणी एजंट ‘अंटार्क्टिकाचं काम करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मुलाला आत्तापासून काय शिकवायचं, ते सांगतो. पहिलं, इंधन. थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं आणि फिल्टर तुंबतो. आपल्या देशातलं डिझेल उन्हाळ्यात १५ अंशांना आणि हिवाळ्यात ३ अंशांना थिजलं तरी मानकात बसतं. उणे तिसाला त्याचं काय होईल ते सांगायला नको. ध्रुवावर जेट ए-१ च्या जातीचं विमानाचं इंधन वापरतात, ते उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही. पण त्यात वंगणपणा डिझेलपेक्षा कमी असतो. त्यामुळे इंजेक्शन पंपाची झीज वाढते आणि पंप-नोझलची तपासणी जास्त वेळा करावी लागते.

दुसरं, रबर आणि प्लास्टिक. ओ-रिंग आकसून कडक होते आणि आदल्या दिवशी कोरडा असलेला सांधा गळायला लागतो. हायड्रॉलिकचा पाइप गारठलेला असताना वाकवला की चिरतो, केबलचं आवरणही तसंच. आधी ऊब द्यायची, मग हात लावायचा. इंजिनालाही तेच. ब्लॉक हीटरनं गरम केल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. थिजलेलं ऑइल वर चढेपर्यंत बेअरिंग कोरडं फिरतं आणि खराबी लगेच दिसत नाही, दोन महिन्यांनी दिसते. वेल्डिंग करताना पत्रा आधी तापवून घ्यावा लागतो, नाहीतर टाका दिसायला झकास पण दुसऱ्या दिवशी तडा.

तिसरं, बॅटरी. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर उणे साठालाही गोठत नाही. उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपासच गोठून फुगते, कारण आम्ल प्लेटांमध्ये गेलेलं असतं आणि उरतं ते बरचसं पाणी. लिथियम बॅटरी शून्याखाली वापरता येते, पण शून्याखाली चार्ज करायची नाही. आत धातूचा थर चढतो आणि ती कायमची बिघडते. सोलर पंपाचं काम करणाऱ्या पोरांनी हे पाठच करावं.

आणि सांडलवंड. एक लिटर तेल सांडलं तरी ते नोंदवून, गोळा करून, डब्यात भरून परत न्यावं लागतं. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉल या करारानं आणि आपल्याच २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानं ही सक्ती आहे. ‘थोडंसंच सांडलं’ म्हणणारा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी तिथं चालत नाही.

हिमनदी ‘एवढे मीटर वितळली’ असं छापून येतं. हे मोजतात कसं? वर्गात शिकवायचं आहे. — माध्यमिक शिक्षक, चोपडा

बांबूनं. उपग्रह आहेत, लेझर आहेत, पण हिमालयातल्या हिमनद्यांवर आजही बांबूच्या काठ्या रोवूनच पायाभूत मोजणी होते. लाहौल-स्पितीत चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांवर एनसीपीओआरचं असं काम चालतं आणि त्यासाठी २०१६ साली ४,००० मीटरहून उंचावर ‘हिमांश’ हे केंद्र उभारलं.

दोन-दोन मीटरचे बांबू तारेनं किंवा नळीनं एकापुढे एक जोडतात. वाफेच्या ड्रिलनं बर्फात सहा ते दहा मीटर खोल भोक पाडतात. गॅसच्या शेगडीवरचा छोटा बॉयलर, त्याला नळी आणि टोकाला तोटी, असं ते यंत्र असतं. बांबू आत सोडला की वर किती राहिला ते मोजून ठेवायचं. लोखंडी सळई का नाही? ती उन्हात तापते, उष्णता आत नेते आणि स्वतःभोवतीचाच बर्फ वितळवते. बांबू हलका, स्वस्त आणि उष्णता कमी वाहून नेणारा.

आता गणित. हे फळ्यावर घ्या. गेल्या ऑक्टोबरात बर्फाच्या वर ४० सेंटीमीटर बांबू होता. या ऑक्टोबरात १७० दिसतोय, पण त्याच्या बुडाशी २० सेंटीमीटर ताजं हिम पडलेलं आहे. म्हणजे बर्फाचा पृष्ठभाग बांबूच्या टोकापासून १९० सेंटीमीटर खाली गेला. बर्फ घटला १५० सेंटीमीटर. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९ पट धरतात, म्हणून पाण्याच्या हिशेबात १३५ सेंटीमीटर गेले. ताज्या हिमाची घनता समजा ०.४ भरली, तर २० सेंटीमीटर हिमाचं पाणी ८ सेंटीमीटर. निव्वळ तोटा १२७ सेंटीमीटर पाणी. मुलं हमखास १७० वजा ४० करून १३० सांगतील. ते १३० सेंटीमीटर ना बर्फाचे ना पाण्याचे, आणि चूक कुठं झाली हे शोधायला लावणं हाच खरा धडा.

हिमनदीच्या वरच्या भागात उलट असतं, तिथं हिमाचा साठा वाढतो. तिथं खड्डा खणतात. गेल्या उन्हाळ्याचा धुळकट, कडक थर लागेपर्यंत. मग भिंतीतून दर दहा सेंटीमीटरवर ठरावीक घनफळाची नळी आडवी खुपसून हिम काढायचं आणि वजन करायचं. खड्ड्याची जी भिंत मोजायची तिच्यावर ऊन पडू द्यायचं नाही आणि तिच्या वरच्या काठावर पाय ठेवायचा नाही. नवखा माणूस पहिला पाय तिथंच ठेवतो.

बांबूचे घोटाळे बरेच असतात. तिरका झाला की वरची लांबी खरी नसते, उभी उंची मोजावी लागते. वितळणं अंदाजापेक्षा जास्त झालं तर बांबू मोकळा होऊन आडवा पडतो आणि त्या वर्षाची नोंद गेली. जोडलेल्या तुकड्यांपैकी एक गळून पडला तर कोणता पडला हे कळण्यासाठी प्रत्येकावर क्रमांक हवा. तो मार्करनं लिहिला तर उंचावरचं ऊन वर्षभरात पुसून टाकतं, म्हणून कोरून किंवा अॅल्युमिनियमच्या बिल्ल्यावर लिहितात. शिवाय हिमनदी वाहते, त्यामुळे बांबू दरवर्षी जागा बदलतो. जीपीएस न घेता ‘तोच दगड, तिथूनच डावीकडे’ अशा खुणा लिहिणाऱ्यांचे बांबू पुढच्या वर्षी सापडत नाहीत.

मुलं एक हमखास विचारतील, म्हणून सांगून ठेवतो: तापीला हिमनदीचं पाणी येत नाही. ती पावसावरची नदी आहे.

अंटार्क्टिकात बर्फाचे गाभे काढतात, ते काम वेगळं. साधारण दहा सेंटीमीटर जाडीचा दंडगोल, मीटर-मीटरचे तुकडे, प्रत्येकावर वरच्या टोकाकडे बाण, खोली आणि क्रमांक. हे तुकडे गोव्याच्या प्रयोगशाळेपर्यंत सलग उणे २० अंशांत यावे लागतात. वाटेत एकदा शीतपेटी बंद पडली तर हवेचे बुडबुडे आणि रसायनं दोन्ही जातात. उरतं ते महाग पाणी.

भुसावळला मे महिन्यात ४५-४६ अंश सोसतो. उणे तीस झेपेल का? कोणते कपडे लागतात? — रेल्वे कर्मचारी, भुसावळ

झेपेल. जन्म कुठल्या हवेत झाला यावर ते फारसं ठरत नाही. केरळ-तमिळनाडूची माणसं तिथं वर्षभर राहून आली आहेत. थंडीची सवय करायची म्हणून तोरणमाळला डिसेंबरात बिनस्वेटरचं हिंडण्यातही अर्थ नाही. पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन चढायचा सराव करा, दोरीच्या गाठी हातमोजे घालून बांधायला शिका.

कपाशीच्या मुलखातल्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते, पण सुती कपडा तिथं घातक. सूत घाम पितं, सुटता सुटत नाही आणि काम थांबलं की अंगावरच गार पडतं. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मध्ये ऊब धरणारा फ्लीसचा, बाहेर वारा अडवणारा. बनियन-चड्डीसुद्धा सुती नको. चालायला निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार. बूट एक नंबर मोठे, कारण दोन मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो. पाच बोटांच्या हातमोजांपेक्षा बोटं एकत्र ठेवणारे मोजे ऊबदार. बारीक कामासाठी आत पातळ जोडी.

हिमदंश स्वतःला कळत नाही, कारण दुखणं थांबलेलं असतं. म्हणून जोडीदारानं दर काही मिनिटांनी एकमेकांचं नाक, गाल, कान बघायचे. मेणासारखा पांढरा डाग दिसला की उघड्या हाताची ऊब द्यायची. चोळायचं नाही आणि बर्फ तर मुळीच लावायचा नाही. जुन्या गोष्टींत वाचलेला तो उपाय कातडी फाडतो. धातूच्या फ्रेमचा चष्मा असेल तर प्लास्टिकची फ्रेम करून घ्या. गॉगल चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत गडद काचेचा, आणि बाजू झाकलेला. बर्फावरून ऊन खालूनही येतं, त्यामुळे नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही क्रीम लागतं.

पाणी पिणं लोक विसरतात. हवा कोरडी, तहान कमी. लघवी गडद झाली तर कमी पडतंय.

अंटार्क्टिकात कळण्याची भाकरी मिळेल का? पीठ नेऊ दिलं तर? — जळगाव

जेवण भारतीय असतं: पोळी, भात, डाळ, भाज्या बहुतेक गोठवलेल्या किंवा वाळवलेल्या. अन्न म्हणून नेलेल्या धान्या-पिठाला माद्रिद प्रोटोकॉलची आडकाठी नाही. अट एवढीच की ते स्वयंपाकघराच्या ताब्यात राहावं आणि उरलं-सुरलं बाहेर पडू नये. लावायला म्हणून बी किंवा रोप मात्र परवान्याशिवाय न्यायचं नाही, आणि निर्जंतुक न केलेली माती तर मुळीच नाही. शेतात घातलेले बूट, वेल्क्रोच्या पट्ट्या, खिशांचे कोपरे निघण्याआधी ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं साफ करावे लागतात, कारण कुसळं आणि गवताचं बी नेमकं तिथंच लपतं. पीठ नेण्याआधी सामानाचे नियम विचारून घ्या. कुणाला भाकरी थापता येते हेही विचारा.

मुलगी जायचं म्हणते. हिवाळाभर अंधारात, परक्या पुरुषांत, दवाखाना नाही. आईनं काय समजायचं? — अमळनेर

बाई तिथं जाणं नवं नाही. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत गेल्या होत्या. अदिती पंत मूळ नागपूरच्या. इस्रोच्या मंगला मणी ५६ व्या वर्षी भारती केंद्रावर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या, त्यांच्या तुकडीत त्या एकट्या स्त्री होत्या.

शास्त्रज्ञांपैकी बहुतेक जण फक्त उन्हाळ्यात जातात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. केपटाउनहून विमानानं किंवा जहाजानं. हिवाळी तुकडीत जायचं तर घरापासून वर्षाहून जास्त काळ. ते तुमच्या मुलीनं पहिल्याच खेपेला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. मैत्रीवर मेअखेर ते जुलैअखेर असे सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. अंधारापेक्षा झोपेची घडी विस्कटणं वाईट. जे ठरल्या वेळी उठतात, सगळ्यांबरोबर जेवतात, ते नीट राहतात. खोलीत ताट नेऊन खायला लागलेल्या माणसाकडे तुकडीप्रमुखानं लक्ष द्यायचं असतं.

केंद्रावर डॉक्टर असतो, छोटी शस्त्रक्रियाही होऊ शकते. पण हिवाळ्यात बाहेर काढणं जवळपास अशक्य, म्हणूनच जाण्याआधी दात, पित्ताशय, हृदय, मन सगळं तपासतात. मैत्रीपासून जवळच नोवोलाझारेव्हस्काया हे रशियन केंद्र आहे. १९६१ साली तिथला एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यानं स्वतःचंच अपेंडिक्स स्वतः कापून काढलं होतं. दुखरी दाढ घेऊन कुणाला जाऊ देत नाहीत, त्याचं कारण यात आलं.

निघण्याआधी आईनं विचारावेत असे दोन प्रश्न आहेत: तुकडीत आणखी स्त्रिया किती, आणि तक्रार करायची झाली तर तुकडीप्रमुखाखेरीज कुणाकडे. उत्तर लेखी मागा.

उत्तर ध्रुवाकडच्या ‘हिमाद्री’वर मोबाइल लागतो का? अस्वलं खरंच येतात? — अकरावी, नवापूर

हिमाद्री हे आर्क्टिकमधलं भारताचं संशोधन केंद्र जुलै २००८ मध्ये सुरू झालं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंद या वस्तीत, ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ. तिथं फोनचंही वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. वस्तीत क्वेसारांचे, म्हणजे अवकाशातल्या अतिदूरच्या तेजस्वी स्रोतांचे, रेडिओ संकेत टिपणारी दुर्बीण आहे आणि २ ते ३२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शांतता पाळायची असते. म्हणून ब्लूटूथनं माहिती देणारं उपकरण विकत घेऊन गेलात तर ते खोक्यातच राहील. केबलवाला लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारं यंत्र, घ्या.

अस्वलं येतात. वस्तीबाहेर जाताना बंदूक आणि आवाज करणारी फटाक्यांची पिस्तूल बाळगावी लागते, त्याचं प्रशिक्षण आधी होतं. काम करणाऱ्यांपैकी एकानं फक्त पहारा करायचा, त्यानं नमुने गोळा करायला वाकायचं नाही. वस्तीतली दारं कुलूप न लावता ठेवतात, पळून आत शिरता यावं म्हणून.

जायची ऐपत नाही, तब्येतही नाही. घरी बसून ध्रुवीय संशोधन होईल का? — एम.एस्सी. संगणकशास्त्र, जळगाव

होईल, आणि माणसं तिथंच कमी पडतात. समुद्रबर्फाची उपग्रहावरून घेतलेली माहिती १९७८ च्या अखेरीपासून फुकट उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम आणि बर्फ माहिती केंद्राची, एनएसआयडीसीची, २५ किलोमीटरच्या चौकटींची फाइल घ्या. ज्या चौकटीत १५ टक्के किंवा जास्त बर्फ, ती ‘बर्फाळ’ धरून क्षेत्रफळांची बेरीज केली की विस्तार निघतो. पायथन आणि साधा लॅपटॉप पुरतो. तुमचं उत्तर बरोबर आलं का, हे ताडायला दोन खुंट्या: फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाचा विस्तार १७.९ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला होता, आणि आर्क्टिकचा नीचांक सप्टेंबर २०१२ मधला, सुमारे ३४ लाख.

नवखे अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या बायनरी फायलींत ० ते २५० असे अंक असतात, टक्केवारीसाठी अडीचनं भागायचं. २५१ ते २५५ हे अंक बर्फाचे नाहीत. ध्रुवाभोवतीचं न दिसणारं वर्तुळ, किनारा, जमीन, हरवलेली नोंद यांच्या त्या खुणा आहेत. त्या आधी गाळल्या नाहीत तर ग्रीनलंडसुद्धा समुद्रबर्फात मोजला जातो. प्रत्येक चौकट नेमकी ६२५ चौरस किलोमीटरची धरू नका, नकाशाच्या प्रक्षेपामुळे ती जागेनुसार बदलते. क्षेत्रफळांची वेगळी फाइल सोबत मिळते, ती वापरा. आणि उन्हाळ्यात बर्फावर साचलेली वितळपाण्याची डबकी उपग्रहाला उघड्या समुद्रासारखी दिसतात, त्यामुळे जून ते ऑगस्टचे आर्क्टिकचे आकडे थोडे कमी येतात.

हे जमलं की एनसीपीओआरच्या राष्ट्रीय ध्रुवीय विदा (डेटा) केंद्रावरची माहिती उघडा. तिथं भारतीय केंद्रांवरच्या नोंदी आहेत. एखाद्या मार्गदर्शकाला पत्र लिहिताना ‘मला ध्रुवीय संशोधनाची आवड आहे’ असं लिहू नका. काढलेला आलेख आणि त्याचा कोड जोडा, आणि कुठल्या वर्षाचा आकडा तुमच्याकडे जुळत नाही ते विचारा.